नाशिक रोडमध्ये नेमके किती लोक राहतात?

प्रश्न साधा आहे. नाशिक रोडला रेल्वे स्थानक आहे, ४२२१०१ हा पिनकोड आहे, स्वतःच्या नावाचे पोलीस ठाणे आहे. देशाच्या नोटा इथे छापल्या जातात आणि पाच जिल्ह्यांचा कारभार पाहणारे विभागीय आयुक्त इथेच बसतात. इतक्या मोठ्या गावाची लोकसंख्या एका ओळीत मिळायला हवी, पण ती मिळत नाही. १९८१ च्या जनगणनेत नाशिक रोड-देवळाली हे स्वतंत्र नगर म्हणून मोजले गेले होते. त्यानंतर १९९१, २००१ आणि २०११ अशा तीन जनगणना झाल्या. यांपैकी एकाही जनगणनेच्या शहरांच्या यादीत नाशिक रोडचे नाव नाही.

लोक कुठे गेले नाहीत, उलट वाढले. पण त्यांची बेरीज नाशिक महानगरपालिकेच्या आकड्यात मिसळली. आता २०२७ ची जनगणना होऊ घातली आहे आणि शेजारच्या देवळाली कॅम्पच्या नागरी वस्तीला महापालिकेत घालायचे की नाही, हा प्रश्न लोंबकळत पडला आहे. अशा वेळी नाशिक रोडचे काय झाले हे नीट पाहून ठेवलेले बरे.

नावातच दुसरे शहर

रेल्वेच्या भाषेत 'रोड' या शब्दाला ठरलेला अर्थ आहे. गावापासून दूर, गावाकडे जाणारा रस्ता जिथे रुळांना भेटतो, तिथले स्थानक म्हणजे 'रोड'. वसई रोड, भिवंडी रोड, सावंतवाडी रोड ही नावे त्यातूनच आली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८६० च्या दशकात या भागातून गेला, तो जुन्या नाशिकपासून आठ-नऊ किलोमीटर दूरून. यात्रेकरू स्थानकावर उतरत आणि पुढे गोदाकाठाकडे जात. त्यांच्यासाठी १८८९ मध्ये स्थानक ते मेन रोड अशी ट्राम सुरू झाली. सुरुवातीला ती घोडे ओढत. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ती बंद पडली.

म्हणजे नाशिक रोड हे नाव मुळात या जागेचे नाहीच, 'इथून नाशिकला जा' एवढेच ते सांगते. जागेची स्वतःची नावे वेगळी होती आणि ती आजही टिकून आहेत. वालदेवी नदीकाठी देवळाली गाव आणि विहितगाव, गोदावरीच्या बाजूला दसक आणि पंचक, दक्षिणेला दारणेकडे चेहेडी, शिवाय गोरेवाडी, चाडेगाव. या खेड्यांच्या शिवारात रेल्वे आली आणि तिच्या मागोमाग सरकार आले.

सरकार येण्याचा भाग महत्त्वाचा आहे. १९२० च्या दशकात इथे इंडिया सिक्युरिटी प्रेस उभी राहिली. टपाल तिकिटे आणि मुद्रांक इथे छापले जाऊ लागले. १९२८ मध्ये करन्सी नोट प्रेस आली. मध्यवर्ती कारागृह आले, ज्यावरून जेल रोड हे नाव पडले. १९७० च्या सुमारास एकलहऱ्याचे औष्णिक वीज केंद्र सुरू झाले. पुढे नाशिक महसूल विभाग वेगळा झाल्यावर आयुक्तालयही इथेच आले. इतर गावे बाजारपेठेमुळे किंवा देवस्थानामुळे वाढतात, नाशिक रोड वाढले ते पगाराच्या नोकरीमुळे. प्रेस कामगार, रेल्वे कामगार, वीज कर्मचारी आणि त्यांच्या पाळ्यांच्या वेळांभोवती चालणारी दुकाने. बिटको चौक, दत्त मंदिर चौक, मुक्तिधामचा परिसर, सिन्नर फाटा ही त्या वस्तीची आजची ठिकाणे.

'देवळाली' या नावाने तर आणखी गोंधळ होतो. देवळाली गाव नाशिक रोडला लागून आहे आणि महापालिकेत आहे. देवळाली कॅम्प ही लष्करी छावणी, ती महापालिकेबाहेर. देवळाली नावाचे रेल्वे स्थानक वेगळे, आणि देवळाली विधानसभा मतदारसंघ या सगळ्यांना थोडे थोडे कवेत घेणारा. नाशिक रोडचा काही भाग या मतदारसंघात, तर उरलेला नाशिक पूर्वमध्ये आहे. (राहुरी तालुक्यातली देवळाली प्रवरा या हिशेबात धरलेलीच नाही.)

१९८२ ला काय झाले?

७ नोव्हेंबर १९८२ रोजी नाशिक महानगरपालिका अस्तित्वात आली. नाशिक, सातपूर आणि नाशिक रोड-देवळाली या तीन नगरपालिका आणि भोवतालची वीसहून अधिक गावे एकत्र करून ती बनवली गेली. नाशिक रोड-देवळाली नगरपालिका त्या दिवशी संपली.

यामागचे कारण चुकीचे नव्हते. सातपूर आणि अंबडला कारखाने उभे राहत होते, सिडकोची घरे होत होती आणि तिन्ही गावे एकमेकांकडे सरकत होती. धरणातून पाणी आणणे, सांडपाण्याची व्यवस्था, विकास आराखडा ही कामे तीन लहान संस्थांनी वेगवेगळी करण्यात अर्थ नव्हता. मोठ्या संस्थेचा फायदा नाशिक रोडलाही झाला. आज शहरभर धावणारी सिटीलिंक बस एखाद्या नगरपालिकेच्या आवाक्यातली गोष्ट नाही.

पण विलीनीकरणानंतर जे घडले ते फारसे सांगितले जात नाही. महापालिका १९८२ मध्ये झाली, पण तिची पहिली निवडणूक झाली १९९२ मध्ये. मधली जवळपास दहा वर्षे कारभार प्रशासकांकडे होता. नाशिक रोडच्या माणसाला त्याआधी नगराध्यक्षाच्या घरापर्यंत चालत जाता येत होते. पुढची दहा वर्षे त्याला ना नगराध्यक्ष होता ना नगरसेवक.

हाच प्रकार अलीकडे पुन्हा झाला. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि निवडणूक थेट जानेवारी २०२६ मध्ये झाली. चार वर्षांच्या आसपासचा हा काळ पुन्हा प्रशासकांचा. हे राज्यभर झाले, फक्त नाशिकपुरते नाही. तरीही हिशेब मांडा: विलीनीकरणानंतरच्या सुमारे त्रेचाळीस वर्षांपैकी तेरा-चौदा वर्षे नाशिक रोडला निवडून आलेला एकही स्थानिक प्रतिनिधी नव्हता.

मग लोकसंख्या काढायची कशी?

थेट आकडा नसला तरी अंदाज बांधता येतो, आणि तो कुणालाही घरबसल्या बांधता येईल.

२०११ च्या जनगणनेत नाशिक महापालिकेची लोकसंख्या १४,८६,०५३ होती. महापालिकेत १२२ नगरसेवक आहेत. म्हणजे एका नगरसेवकामागे सरासरी १२,१८० माणसे. २०१७ च्या रचनेत नाशिक रोड विभागात १७ ते २२ असे सहा प्रभाग होते. त्यांतले पाच चार सदस्यांचे आणि एक तीन सदस्यांचा, मिळून २३ नगरसेवक. २३ ला १२,१८० ने गुणले की उत्तर येते सुमारे २ लाख ८० हजार.

हा आकडा ढोबळ आहे. प्रभाग आखताना सरासरीपेक्षा दहा टक्के इकडे-तिकडे चालते. शिवाय 'नाशिक रोड विभाग' ही महापालिकेने कामाच्या सोयीसाठी आखलेली हद्द आहे. जुन्या नगरपालिकेची हद्द, पिनकोडची हद्द आणि पोलीस ठाण्याची हद्द तिच्याशी जुळत नाहीत. उपनगरला वेगळे पोलीस ठाणे आहे. तिथे राहणारा माणूस पाहुण्याला पत्ता सांगताना 'नाशिक रोड' म्हणेल की 'उपनगर', हे पाहुणा कुठून येतोय यावर ठरते. आणखी एक बारीक गोष्ट म्हणजे कारागृहातले बंदी. जनगणनेत ते 'संस्थात्मक कुटुंब' म्हणून जिथे आहेत तिथेच मोजले जातात. त्यामुळे त्या भागाच्या लोकसंख्येत असे लोकही येतात, ज्यांचे तिथल्या नळाशी, रस्त्याशी आणि मतदानाशी काही देणेघेणे नाही.

एवढे सगळे धरूनही अडीच ते तीन लाख ही मर्यादा चुकणार नाही. आणि हे २०११ चे चित्र आहे. महापालिका क्षेत्राची लोकसंख्या १९९१ मध्ये साडेसहा लाखांच्या थोडी वर होती, २००१ मध्ये १०.७७ लाख, २०११ मध्ये १४.८६ लाख. वीस वर्षांत दुपटीहून जास्त. नंतरच्या पंधरा वर्षांत जेल रोड, चेहेडी, सिन्नर फाटा या बाजूंना किती इमारती उभ्या राहिल्या ते पुणे महामार्गाने जाणाऱ्याला दिसतेच.

२ लाख ८० हजार म्हणजे किती? २०११ मध्ये जालना शहराची लोकसंख्या साधारण २ लाख ८५ हजार होती, इचलकरंजीचीही जवळपास तेवढीच. इचलकरंजी २०२२ मध्ये आणि जालना २०२३ मध्ये महानगरपालिका झाली. म्हणजे नाशिक रोड आकाराने एका जिल्ह्याच्या मुख्यालयाएवढे आहे. पण कागदावर ते एका महापालिकेच्या सहा विभागांपैकी एक आहे.

शेजाऱ्यांकडे पाहिले की कोडे वाढते

नाशिक रोड स्थानकापासून फार लांब न जाता चार वेगवेगळ्या प्रकारची स्थानिक सरकारे दिसतात. इतक्या कमी अंतरात इतकी विविधता महाराष्ट्रात फार ठिकाणी नसेल.

भगूर हे स्वातंत्र्यवीर सावरकरांचे जन्मगाव. २०११ ची लोकसंख्या १२,३५३. भगूरला स्वतःची नगरपरिषद आहे. डिसेंबर २०२५ च्या निवडणुकीत भगूरकरांनी आपला नगराध्यक्ष थेट मतदानाने निवडला.

देवळाली कॅम्पची लोकसंख्या २०११ मध्ये ५४,०२७. इथे कॅन्टोन्मेंट बोर्ड आहे, जे संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. बोर्डाचा अध्यक्ष लष्करी अधिकारी असतो.

एकलहरे हे वीज केंद्र आणि त्याच्या वसाहतीचे गाव. कारभार ग्रामपंचायतीचा, पण जनगणनेच्या लेखी ते शहर. जनगणनेत याला 'जनगणना नगर' म्हणतात. लोकसंख्या किमान ५,०००, घनता चौरस किलोमीटरला किमान ४०० आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात, या तीन अटी पूर्ण झाल्या की ते गाव जनगणनेपुरते शहर होते. राज्य सरकारने त्याला नगरपरिषद दिली पाहिजे असे मात्र नाही. देशात अशी गावे २००१ मध्ये १,३६२ होती, २०११ मध्ये ती ३,९०० च्या आसपास गेली.

आणि मधोमध नाशिक रोड. बारा हजारांच्या भगूरला नगराध्यक्ष, चोपन्न हजारांच्या कॅम्पला बोर्ड, वीज कामगारांच्या वसाहतीला सरपंच. अडीच-तीन लाखांच्या नाशिक रोडला प्रभाग समितीचा सभापती.

हे पद अगदीच नावापुरते नाही, पण त्याच्या आसपास जाते. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने तीन लाखांहून मोठ्या शहरांत प्रभाग समित्या अनिवार्य केल्या, कारण मोठ्या महापालिकेत दूरच्या वस्तीचे कुणी ऐकणार नाही ही भीती घटनाकारांच्या पुढच्या पिढीलाही होती. महाराष्ट्राच्या कायद्यात या समितीला साधारण पाच लाख रुपयांपर्यंतच्या कामांना मंजुरी देण्याचा अधिकार आहे. पाच लाखांत आज किती मीटर गटार होते, हे कुठल्याही ठेकेदाराला विचारावे.

अमेरिकेत हे कसे चालते?

वस्ती आहे पण तिला स्वतःची नगरपालिका नाही, ही स्थिती जगावेगळी नाही. अमेरिकेत तर ती सर्रास आढळते. तिथे गाव 'स्थापन' करावे लागते. लोकांनी मागणी करून, बहुतेक ठिकाणी मतदान घेऊन, राज्याच्या कायद्यानुसार नगरपालिका बनवली तर ती होते. नाही बनवली तर रस्ते, पोलीस, कचरा ही कामे काउंटी, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखी संस्था, पाहते.

याचे सर्वांत गमतीशीर उदाहरण नेवाडा राज्यात आहे. लास वेगासचे म्हणून जे झगमगते हॉटेल-कॅसिनो सिनेमात दिसतात, त्यांतले बहुतेक लास वेगास शहरात नाहीतच. ते पॅरडाइज नावाच्या वस्तीत आहेत. १९५० मध्ये काउंटीने ती वेगळी आखली आणि त्यामुळे ती लास वेगासच्या हद्दीत, अर्थात करांच्या कक्षेत, गेली नाही. २०२० मध्ये तिथे १ लाख ९१ हजार लोक राहत होते, पण तिथे महापौर नाही. उलट नेब्रास्का राज्यात मोनोवाय नावाचे गाव आहे. २०१० च्या जनगणनेत तिथे एकच व्यक्ती होती, तरीही ते रीतसर स्थापन झालेले गाव आहे आणि त्या एका व्यक्तीकडे सगळी पदे आहेत. २०२० च्या जनगणनेने तिथे दोन माणसे दाखवली. दुसरे कुणी राहायला आले नव्हते. लोकांची खासगी माहिती उघड होऊ नये म्हणून जनगणना खाते लहान आकड्यांत मुद्दाम थोडा फेरफार करते, त्याचा हा परिणाम.

भगूर आणि नाशिक रोड यांची आठवण व्हावी असेच हे आहे. पण एक फरक आहे आणि तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेचे जनगणना खाते अशा नगरपालिका नसलेल्या वस्त्यांभोवती स्वतः हद्द आखते. लोक ज्या नावाने त्या जागेला ओळखतात, त्याच नावाने तिची लोकसंख्या, वयोगट, घरे, उत्पन्न सगळे प्रसिद्ध करते. १९५० पासून हे सुरू आहे. म्हणजे पॅरडाइजला सरकार नाही, पण आकडा आहे. नाशिक रोडला सरकार आहे, आकडा नाही.

आकडा नसला तर बिघडले काय?

अडचण अशी की महापालिकेतले बरेचसे वाद 'आमच्या वाट्याला किती आले' या प्रश्नावर येऊन थांबतात. नाशिक रोडमधून गेली कित्येक वर्षे तक्रार आहे की कर इथून जातो आणि कामे गंगापूर रोड-कॉलेज रोडकडे होतात. ती खरी आहे का? ती खरी किंवा खोटी ठरवायला तीन आकडे लागतात: विभागातून जमा झालेला कर, विभागात झालेला खर्च आणि विभागाची लोकसंख्या. पहिले दोन महापालिकेच्या हिशेबातून खटपट करून काढता येतील. तिसरा आपण वर जसा काढला तसाच काढावा लागतो.

वॉर्डनिहाय आकडे जनगणना देते, हे खरे. पण नाशिकमध्ये वॉर्ड म्हणजे दर निवडणुकीला बदलणारी गोष्ट आहे. २००७ मध्ये एका वॉर्डातून एक सदस्य, २०१२ मध्ये दोन सदस्यांचे प्रभाग, २०१७ मध्ये चार सदस्यांचे. दर वेळी रेषा नव्या. त्यामुळे २००१ आणि २०११ ची तुलना करून 'नाशिक रोड या दहा वर्षांत किती वाढले' हे सरळ सांगता येत नाही.

पाण्याचेच पाहा. नाशिक शहराला मुख्यतः गंगापूर धरणातून पाणी मिळते. नाशिक रोडला त्याबरोबर दारणा नदीवरच्या चेहेडी बंधाऱ्यातूनही पाणी घेतले जाते. वालदेवी नदी विहितगाव आणि देवळाली गावाकडून सांडपाणी पोटात घेऊन वाहत येते आणि चेहेडीजवळ दारणेला मिळते. उन्हाळ्यात प्रवाह आटला की चेहेडीच्या पाण्याची तक्रार होते, आणि मग इथला उपसा थांबवून गंगापूरचे पाणी वळवायचा विषय निघतो. किती वळवायचे? माणशी लिटर हे गणित मांडायचे तर आधी माणसे किती ते हवे.

२०२६ च्या महापालिका निवडणुकीसाठीही १२२ जागा २०११ च्याच लोकसंख्येवर वाटल्या गेल्या. पंधरा वर्षांत शहराच्या सगळ्या बाजू सारख्या वाढलेल्या नाहीत. जी बाजू जास्त वाढली तिच्या एका नगरसेवकाच्या वाट्याला आज जास्त माणसे आली आहेत. ती बाजू नाशिक रोड आहे, पाथर्डी फाटा आहे की आडगाव, हे नवी जनगणना होईपर्यंत पुराव्यानिशी म्हणता येणार नाही.

वेगळी नगरपालिका हा उपाय आहे का?

नाशिक रोडला अशी मागणी अधूनमधून चहाच्या टपरीवर ऐकू येते. लोकसंख्येच्या अटीत ती सहज बसते. राज्याच्या कायद्यानुसार एक लाखाच्या वरची नगरपरिषद 'अ' वर्गात जाते. पण लोकसंख्या म्हणजे उत्पन्न नव्हे.

नाशिक रोड आणि परिसरातल्या मोठ्या जमिनींचे मालक कोण आहेत? रेल्वे, लष्कर, कारागृह, प्रेस. राज्यघटनेच्या २८५ व्या अनुच्छेदानुसार केंद्र सरकारच्या मालमत्तेवर स्थानिक संस्थेला मालमत्ता कर लावता येत नाही, फार तर सेवाशुल्क मागता येते. प्रेस २००६ मध्ये सरकारी खात्यातून काढून कंपनीच्या ताब्यात दिल्यावर तिचा प्रश्न थोडा वेगळा झाला, पण रेल्वेचा तोच आहे. पूर्वी जकातीचा आधार होता. जकात गेली, एलबीटी आला आणि गेला, आणि आता महापालिका राज्याकडून येणाऱ्या जीएसटीच्या भरपाईवर अवलंबून आहेत. सातपूर-अंबडच्या कारखान्यांचा कर ज्या तिजोरीत जातो तिच्यातून बाहेर पडणे नाशिक रोडला परवडेल का, याचे उत्तर बहुधा 'नाही' असे येईल. लॉस एंजेलिसच्या पूर्वेला ईस्ट लॉस एंजेलिस नावाची लाखाहून मोठी वस्ती आहे. तिथल्या लोकांनी अनेकदा स्वतःचे शहर मागितले. २०१२ मध्ये ती मागणी फेटाळली गेली ती याच कारणाने: उत्पन्नात खर्च भागत नव्हता.

म्हणून मला विभाजनाच्या मागणीपेक्षा हिशेबाची मागणी जास्त उपयोगाची वाटते. महापालिकेने आपल्या सहा विभागांच्या हद्दी निवडणुकीच्या प्रभागांपासून वेगळ्या ठेवून कायम केल्या आणि दर अर्थसंकल्पात विभागनिहाय जमा-खर्च छापला, तर त्यासाठी कायदा बदलावा लागणार नाही. आणि प्रभाग समितीची पाच लाखांची मर्यादा वाढवणे हे राज्य सरकारच्या हातात आहे.

आता पाळी देवळाली कॅम्पची

नाशिक रोडने १९८२ मध्ये जो रस्ता धरला, किंवा त्याला धरायला लावला गेला, त्याच्या तोंडाशी आज कॅम्प उभा आहे. ब्रिटिशांनी देवळालीला १८६१ च्या सुमारास सैनिकांचा तळ उभारला. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत इथे कंटाळून गेलेल्या सैनिकांमुळे 'डूलाली' हा वेडसरपणासाठीचा शब्द इंग्रजीत गेला, ही कथा परिचित आहे. पुढे तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र आले, आणि हवा चांगली म्हणून मुंबईच्या पारशी-गुजराती कुटुंबांचे बंगले व आरोग्यधामेही आली.

२०२३ मध्ये केंद्र सरकारने देशभरच्या छावण्यांमधला नागरी भाग काढून शेजारच्या नगरपालिका-महापालिकांत घालण्याचे धोरण पुढे आणले. हिमाचलमधली खास योल ही पहिली. महाराष्ट्रातल्या पुणे, खडकी, देहू रोड, अहमदनगर, औरंगाबाद, कामठी आणि देवळाली या सातही छावण्यांचा विषय त्यात येतो. त्याच वर्षी कॅन्टोन्मेंट बोर्डांच्या जाहीर झालेल्या निवडणुका रद्द झाल्या. देवळालीत बोर्डाची शेवटची निवडणूक २०१५ मध्ये झाली आहे. म्हणजे ना विलीनीकरण, ना निवडणूक.

कॅम्पच्या लोकांपुढे दोन वाटा आहेत आणि दोन्हींचा आकडा मांडता येतो. नाशिक महापालिकेत गेले तर, आजच्या सरासरीने, ५४ हजार लोकांना चार-साडेचार नगरसेवक मिळतील. म्हणजे एक प्रभाग, १२२ जणांच्या सभागृहात. भगूरबरोबर एकत्र नगरपरिषद केली तर दोघांची बेरीज ६६,३८० होते. ४० हजार ते एक लाख ही 'ब' वर्गाची मर्यादा आहे, तीत ती बसते. नगराध्यक्ष आपला, सभागृह आपले. पण पाणी, सांडपाणी आणि जुनी बांधकामे नियमित करण्याचा खर्चही आपलाच. यातही सावध राहायला हवे, कारण ५४,०२७ मध्ये सैनिक आणि त्यांची कुटुंबे आहेत. लष्करी भाग लष्कराकडेच राहणार, त्यामुळे प्रत्यक्षात वेगळे होणारे लोक यापेक्षा कमी असतील. किती कमी, हे या चर्चेत आधी टेबलावर यायला हवे.

कॅम्पमध्ये महापालिकेला विरोध करणारे लोक घरपट्टीचे कारण देतात आणि तो मुद्दा खराच आहे. पण नाशिक रोडचा अनुभव पाहिला तर त्यांनी आणखी दोन गोष्टी लेखी मागायला हव्यात: विलीनीकरणानंतर किती महिन्यांत निवडणूक होणार, आणि कॅम्पचा जमा-खर्च पुढची काही वर्षे तरी वेगळा दाखवला जाणार का. १९८२ मध्ये हे कुणी मागितले असते तर १९९२ पर्यंत थांबावे लागले नसते, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण विचारायला कागद तरी हातात असता.

घाई करण्याचे कारण मात्र आता एका बाबतीत उरलेले नाही. २०२७ च्या जनगणनेसाठी गावे, शहरे, तालुके यांच्या हद्दी ३१ डिसेंबर २०२५ ला गोठवण्यात आल्या. १ मार्च २०२७ च्या मध्यरात्री या भागात जितके लोक असतील ते जुन्याच हद्दींनुसार मोजले जातील. देवळाली कॅम्पचा आकडा त्यात वेगळा येईल, भगूरचाही येईल. नाशिक रोडसाठी मात्र पुन्हा प्रभागांची बेरीज करावी लागेल.